जर्मन सरांचं कोरं कार्ड

आम्हाला जर्मन शिकवायचे म्हणून ते जर्मन सर, आणि भलतेच हट्टी. जर्मन, इंग्रजी अशा एका कुळातल्या जुन्या भाषांतली झाडांची नावं कुठून आली, हे शोधायचा त्यांना नाद. प्रत्येक झाडाचं एक कार्ड, पण झाडाचा निदान एक तुकडा हातात आल्याशिवाय त्या कार्डावर अक्षर लिहायचे नाहीत. "डोळ्यांनी न बघता साक्ष द्यायला मी काय भाडोत्री साक्षीदार आहे?"

हैदराबादेत विद्यानगरच्या त्या वर्गात आम्ही पाच जण, मुलगी मी एकटीच. एकदा सरांनी लसूणच आणली. "जुन्या इंग्रजांनी हिला भाल्याचं नाव दिलं. पाकळी बघा, टोक दिसतं की नाही!" दिवसभर वर्गात फोडणीचा वास.

एकच कार्ड बारा वर्षं कोरं होतं, 'बिर्के'चं. ते बर्फातलं पांढऱ्या सालीचं झाड, हैदराबादेत कुठून यायचं?

मग छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. कोणता नोकरदार कुठल्या राज्यात जाणार याच्या याद्या लागल्या आणि पत्र आलं: हैदराबादेत या विषयाचा उपयोग काय, ते तपासणीच्या साहेबांना पटवा, नाहीतर वर्ग बंद. सरांना जेवण जाईना.

तपासणीच्या आदल्या दिवशी घसा बसला म्हणून ते ज्येष्ठमध घ्यायला गौलीगुड्याच्या बाजारात निघाले. मी सोबत होते. काष्ठौषधींच्या दुकानात सालींची एक फिकट जुडी टांगलेली.

"ये क्या है?"

"भोजपत्र, मास्टरसाब. पहाडां से आता. ताविजां लिखते इसपे."

सरांनी जुडी ओढलीच. "अगं, भोजपत्र म्हणजे भूर्ज! भूर्ज म्हणजेच बिर्के! बारा वर्षं या दुकानावरून गेलो मी, गाढव!" बसलेल्या घशातून असा आवाज निघाला की टांगेवाला थांबला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तोच प्रश्न विचारला. सरांनी साल टेबलावर ठेवली. "हिमालयातली साल, गौलीगुड्यातलं दुकान. संस्कृतात भूर्ज, जर्मनमध्ये बिर्के. एकाच मुळातून आलेल्या सख्ख्या बहिणी. त्या मुळाचा अर्थ लखलखणं, पांढरं चमकणं. वर्ग बंद करायचा तर करा, पण आधी हिला हात लावा."

साहेबांनी हात लावला. एक पापुद्रा सोडवला, दुसरा सोडवला, चहा गार झाला तरी विचारतच राहिले. वर्ग राहिला! आम्ही पाचांनी सरांना जवळजवळ उचलूनच इराण्याच्या हॉटेलात नेलं.

निवृत्त होऊन ते मुलाकडे नांदेडला गेले, तेव्हा वर्ग माझ्याकडे आला. स्टेशनवर निघताना त्यांनी ते बिर्केचं कार्ड माझ्या हातात दिलं. मी रडले, अगदी उघड रडले.

आता सर नाहीत. दरवर्षी पहिल्या तासाला ते कार्ड मी वर्गात फिरवते. त्यावर सालीचा तुकडा चिकटवलाय आणि खाली सरांच्या अक्षरात एकच शब्द आहे: पाहिले.