काळे ढालकिडे

आमच्या थोरल्या जाऊबाई गुलाबांच्या काचघरात कामाला आहेत. पानं उलटून कीड शोधायची, हे त्यांचं काम. कळ्यांचा रस शोषणारा मावा ढालकिडे खातात, तेव्हा विषारी फवारणी नको, असं त्यांनीच मालकांच्या गळी उतरवलेलं. सोबतच्या बायकांना त्यांचा एकच धडा होता: "लाल अंगावर काळे ठिपके, तो आपला. बाकीचे चिमटीत."

त्या वर्षी काळे किडे आले, पाठीवर दोन लाल ठिपके असलेले. बायकांनी ते इमानेइतबारे चिरडले. मावा मात्र वाढतच गेला, कळ्या चिकट झाल्या. मालक म्हणाले, "सोमवारी फवारून टाकू."

फवारलं की ढालकिडेही मरणार. लाल कमी झाले म्हणून जाऊबाईंनी आधीच एक मादी घरी आणली होती. तिनं बरणीत अंडी घातली, पिल्लं माव्यावर वाढली आणि कोषात गेली. रविवारी त्यांतून किडे निघाले ते पिवळे, ठिपक्याविना.

"रंग द्यायचे राहिले वाटतं," भाऊजी म्हणाले.

"गप्प बसा हो."

संध्याकाळपर्यंत काही लाल झाले. बाकीचे काळे, दोन लाल ठिपक्यांचे. जाऊबाई खाली बसल्या. मला म्हणाल्या, "एका आईची लेकरं गं. देवानं रंग वेगळे दिले आणि मी मारायला लावली."

सोमवारी त्या थेट मालकांकडे गेल्या. "चूक माझी आहे. काळेही आपलेच. फवारणी थांबवा."

"आणि फुलांबरोबर मावा विकू?" मालकांनी दाराकडचा अर्धा भाग फवारायचं ठरवलं, मागचा अर्धा जाऊबाईंच्या भरवशावर सोडला.

फवारणीआधी बायका दाराकडचे किडे वेचून मागे नेत होत्या. एकजण म्हणाली, "काल मारा म्हणालात, आज पालखीत बसवा म्हणता."

"बसव बाई. आणि बोलत बोलत दाबू नकोस."

दाराकडची फुलं आधी विकली गेली. मागचा मावा ओसरायला वेळ लागला, बऱ्याच कळ्या फेकाव्या लागल्या, पण ओसरला. आता नव्या बाईला जाऊबाई रंग सांगतच नाहीत. घुमटासारखी पाठ, आखूड पाय, डोक्यामागे दोन्हीकडे पांढरे डाग, एवढंच दाखवतात. तरी शंका आली तर किडा माव्याजवळ सोडायचा आणि तो काय खातो ते बघायचं.