बटण सोडलं की ऐकू येतं

माझा आवाज मोठा आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. चोवीस वर्षं मी शाळेत गणित शिकवते. शेवटच्या बाकावरच्या पोराला वर्गमूळ कळायचं तर आधी ते त्याच्या कानावर पडायला हवं. त्यात जन्म शिवाजी पेठेतला, आणि लग्नानंतर घरही तिथंच घेतलेलं. आमच्या पेठेत समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत बसलात तर तुमची पाळी कधीच येत नाही. चार जण एकदम बोलतात आणि चौघांनाही सगळं कळतं. माझे यजमान मात्र मुरगूडचे. जनावरांचे सरकारी डॉक्टर. ते एक वाक्य बोलायला घेतात आणि मी ते पूर्ण करते. एकोणीस वर्षांच्या संसारात ही सोय आम्हा दोघांनाही मानवली आहे, असं मी धरून चालले होते.

मग त्यांची बदली चंदगडला झाली. तीन वर्षांनी कोल्हापूरला परत यायचं, हे मी त्यांची बॅग भरतानाच ठरवून टाकलं होतं. पण चंदगडचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर आभाळ फाटल्यागत, आणि पाऊस आला की पहिला बळी मोबाईलच्या टॉवरचा. ‘जेवलासा का? काय क...’ एवढ्यात फोन बंद. रोजचंच झालं. मला भयंकर राग आला. काहींना राग आला की ते भांडी आपटतात, मी काहीतरी नवीन शिकायला घेते.

गल्लीच्या तोंडाशी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. ते चालवणारे चाचा माझ्या वडिलांचे दोस्त, आता सत्तरी ओलांडलेले. एकदा मी मिक्सर दुरुस्तीला घेऊन गेले तर खाली कुणीच नाही आणि माडीवरून गप्पा ऐकू येतायत. वर जाऊन बघते तर चाचा एकटेच, हातात माईक.

‘कुणासंगं बोलतायसा?’

‘हुबळीचं एक वकील हायत. रोज सकाळी भेटतात.’

‘टॉवर कुठला?’

‘टॉवर कशाला लागतोय, बाई? तार हाय, हवा हाय, झालं की!’

हौशी रेडिओ हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि आपल्या घरात आपलं स्टेशन. त्याच आठवड्यात मी अर्ज भरले, एक माझा आणि एक यजमानांचा. त्यांना विचारलं नाही. एवढ्यातेवढ्यासाठी काय विचारायचं?

अभ्यासाचं मला कधीच भय वाटलं नाही. ओहमचा नियम मला झोपेत विचारा. यजमानांना मी दर रविवारी, ते घरी आले की, जेवणाआधी शिकवायचे. ते मुकाट्यानं ऐकायचे आणि मार्क माझ्यापेक्षा जास्त पाडून मोकळे झाले. ते मला जरा झोंबलंच. मग परवान्याच्या चौकशीला एक हवालदार आले. ‘बाई, घरात फोन आस्ताना वायरलेस कशाला पायजे?’ असं त्यांनी विचारल्यावर मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. चहा गार झाला तरी ते उठू शकले नाहीत. पुढं बरेच महिने गेले आणि एकदाचे दोघांचे परवाने आले. परवान्यावर प्रत्येकाला आपलं वेगळं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव. लग्नात बदललेलं नाव मला इतकं आवडलं नव्हतं.

अँटेना मी स्वतः उभी केली. वीस मीटर तांब्याची तार, मधोमध उंच पाइप, दोन टोकं दोन बाजूंना ताणलेली. आमची गच्ची पुरेना, म्हणून एक टोक शेजारच्यांच्या गच्चीवर बांधलं. शेजारीणबाईंनी तार नीट न्याहाळली आणि विचारलं, ‘हिच्यावर कुरडया न्हाय, निदान चादरी वाळत घातल्या तर चालतील न्हवं?’ चालणार नाहीत हे मी त्यांना पटवलं, आणि त्याबद्दल त्यांच्या कुरडयांना माझ्या गच्चीवरची अर्धी जागा दिली. तिकडं यजमानांनी क्वार्टरचं छप्पर आणि मागचा फणस यांच्यात तार ओढली. चाचांनी जुने सेट दुरुस्त करून दिले. कोल्हापूर आणि चंदगड जोडायला आम्हाला दोन तारा पुरल्या, याचा मला आजही अभिमान आहे.

दर रविवारी सकाळी आठला चाचा हवेवर हजेरी घेतात. सांगली, कराड, बेळगावकडची मंडळी असतात. आता रविवारी यजमान तिकडंच थांबू लागले होते, रेडिओसाठी थांबतायत अशी माझी समजूत होती. माझी पहिली हजेरी मी कधी विसरणार नाही. चाचांनी सांगितल्याप्रमाणं माईकचं बटण दाबलं, कॉलसाइन सांगितलं, यजमानांना विचारलं, ‘ऐकू येतंय का?’ आणि उत्तराची वाट बघत बसले. उत्तर येईना. मी पुन्हा विचारलं. मग चिडून विचारलं. मधेच खालून दूधवाल्यानं हाक मारली, त्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाकायला सांगितलं. सेटमधून चकार शब्द नाही. तेवढ्यात गल्लीच्या तोंडावरून चाचांची आरोळी आली, थेट, बिनमाईकची, ‘बाई, बटण सोडा कीऽऽ! सगळ्यांस्नी दुधाचा हिशेब कळला!’

बटण मी दाबूनच धरलं होतं. दाबलेलं असेपर्यंत आपण फक्त बोलतो, दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी चाचांनी दुकानात स्टुलावर बसवून मला शिकवलं. ‘बटण दाबलं की आपला कान बंद. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांचंबी वाया. बोलायचं, ओव्हर म्हणायचं, सोडायचं. समोरच्यानं ओव्हर म्हटल्याबिगर हात लावायचा न्हाय. आन् घरातलं काय बोलू नका, समदी ऐकत आस्त्यात.’ एवढं सोपं! महिन्याभरात मी तरबेज झाले. निदान मला तरी तसं वाटत होतं.

तोवर तीन वर्षं भरत आली. बदलीसाठी पसंतीचा अर्ज द्यायचा असतो. तो मी सुवाच्य अक्षरात भरून पाठवला होता, पहिली पसंती कोल्हापूर, दुसरी कागल. त्यांनी फक्त सही करून वर पाठवायचा. फोन लागला की मी विचारायचे, ‘सही करून पाठवलासा का?’ ते म्हणायचे, ‘अगं, त्याचं असं हाय...’ आणि मी सांगायचे, ‘साहेब रजेवर असतील, उद्या पाठवा.’ इकडं मी वरच्या खोलीला रंग द्यायला माणूसही सांगून ठेवला.

मुदत मंगळवारी संपत होती. त्याआधीच्या रविवारी हजेरी झाल्यावर चाचा म्हणाले, ‘डॉक्टर आन् बाई, तुमचं काय आसंल तर बोलून घ्या.’ हवेवर घरचं बोलू नये हे मला ठाऊक होतं. पण बदलीचा अर्ज म्हणजे सरकारी काम, घरचं कसं? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

‘अर्ज पाठवलासा ना? पाठवला आसंलच. खोलीचा रंग बुधवारी सुरू करायला सांगते. ओव्हर.’

खरखर झाली, मग त्यांचा आवाज आला. ‘अगं, त्या अर्जाचं असं हाय, की मी...’

‘अजून पाठवला न्हाय?’ मी बटण दाबून ओरडले, आणि पुढं बरंच काही बोलले. दम लागला तेव्हा सोडलं.

‘बाई,’ चाचांचा आवाज आला, अगदी हळू, ‘दोघांनी एकदम दाबलंसा. डॉक्टरांचं काय ऐकू आलं न्हाय. त्यास्नी पुरं बोलू द्या. डॉक्टर, पहिल्यापासनं सांगा.’

‘सही केली न्हाय,’ यजमान म्हणाले. ‘करणारबी न्हाय. मी हितंच मुदतवाढ मागितलीया.’

माझा अंगठा बटणावर होता. दाबला असता तर त्यांचं पुढचं मला ऐकू आलं नसतं, म्हणून दाबला नाही.

‘हितं लोक म्हस घेऊन येतात,’ ते सांगत होते, ‘आणि मी सांगतो ते शेवटपर्यंत ऐकून घेतात. मला त्याची सवयच न्हवती. आता लागलीया. तुला दिवाळीपासनं सांगायला बघतोय, पण सुरुवात मी करतो आणि शेवट तू करतीस. म्हणून हितं सांगितलं, सगळ्यांदेखत. मंडळी, चुकलं आसंल तर माफ करा. ओव्हर.’

मला आधी राग आला, चार लोकांत माझी शोभा केली म्हणून. मग लाज वाटली, आणि ती रागापेक्षा पुष्कळ मोठी होती. एका माणसाला बायकोशी एक वाक्य पुरं बोलायला शंभर किलोमीटर लांब जावं लागलं, वर परवाना काढावा लागला. त्या परवान्याचा अर्जही मीच भरला होता.

मी बटण दाबलं. ‘आणि मी?’ एवढंच विचारलं. ‘ओव्हर.’



‘तूबी पायजेस,’ ते म्हणाले. ‘हितलं काम पायजे आणि तूबी पायजेस. तुझी शाळा तिकडं. कसं जमवायचं ते मला ठाऊक न्हाय. ओव्हर.’

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. एक सोडून तीन उत्तरं होती, क्रमांक घालून. मी ती गिळली.

‘मलाबी ठाऊक न्हाय,’ मी म्हटलं. बावीस वर्षांत हे मी त्यांना पहिल्यांदा सांगत होते. ‘तुम्ही सांगा, मी ऐकतीया. ओव्हर.’

आणि मी बटण सोडलं.