वऱ्हाडाला शेंदूर

दरवर्षी कांदे काढून झाले की मी डब्यात पुरणपोळ्या घेऊन सुप्याच्या पलीकडे मामांच्या माळावर जाते आणि तिथल्या बारा दगडांना नैवेद्य दाखवते. मी विज्ञानाची शिक्षिका आहे. दगडाला शेंदूर फासला म्हणून त्याचा देव होत नाही, हे वर्गात टेबल आपटून सांगण्यात माझी हयात गेली. शाळेत ही गोष्ट कळली तर निवृत्तीपर्यंत माझी धडगत नाही.

दगड माणसाच्या छातीएवढे, माळावर गोलाकार उभे आहेत. ते कुणी उभे केले ते कुणालाच ठाऊक नाही. तीन हजार वर्षांपूर्वीचे असावेत, असं एका जाणकारांनी मला सांगितलं होतं. गावाचं मत वेगळं. गाव म्हणतं, मानपानावरून भांडत बसलेल्या वऱ्हाडाचा मुहूर्त टळला आणि सगळे जागच्या जागी दगड झाले. आमच्याकडची लग्नं मी पाहिली आहेत, त्यामुळे गावाचं म्हणणं मला अगदीच खोटं वाटत नाही. सगळ्यांत उंच तो नवरदेव, त्याच्याशेजारी नवरी, आणि कडेला कलून जवळजवळ आडवी झालेली ती रुसलेली वरमाय. आई आणि मामा लहानपणी तिथेच लग्न-लग्न खेळायचे. आई गेल्यापासून माझ्या माळावरच्या खेपा जरा वाढल्याच होत्या.

एका वर्षी मामेभावाने ठरवलं, की दगड काढून माळ सपाट करायचा आणि तिथे कांदाचाळ बांधायची. उद्या सकाळी जेसीबी येतोय, असं त्याने दुपारी जेवताना सांगितलं. मी लगेच पाठ घ्यायला बसले. दगड उभे करणारी माणसं कोण असतील, एवढे दगड त्यांनी कसे ओढले असतील, असे दगड पुन्हा कुठे मिळतील का, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे भाकरी मोडली.

"ताई, तीन हजार वर्षं उभेच हायेत बिचारे. आता जरा बसू द्या की."

सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला भयंकर राग आला. आशेने मामांकडे पाहिलं तर ते ताकाच्या भांड्यात बघत होते. कारभार एकदा पोराच्या हाती दिला की बापाने मध्ये तोंड घालायचं नाही, हा त्यांचा नियम. मग मला त्यांचाही राग आला.

जेवणं झाली आणि सगळं घर आडवं झालं. देवळीत शेंदराची पुडी होती. मामा दर शनिवारी बांधावरच्या मारुतीला शेंदूर लावत. मी पुडी उचलली, वाटीत तेल घेतलं आणि भर उन्हात माळ गाठला. दगड असे तापले होते की बोटं चटकत होती. एकेकाला शेंदूर फासताना मला माझेच तास आठवत होते आणि हसूही येत होतं. अकरा दगड झाले. पुडीत थोडा शेंदूर उरला होता, तो मारुतीसाठी राखला. वरमाय नाहीतरी आडवीच होती, तिच्याकडे कोण बघतंय?

सकाळी जेसीबीवाला आला. दगड पाहिल्याबरोबर त्याने यंत्र बंद केलं, खाली उतरून चपला काढल्या, हात जोडले आणि देवाला धक्का लावणार नाही म्हणून सांगून टाकलं. मामेभावाने आधी दगडांकडे पाहिलं, मग माझ्या नखांकडे. साबणाने तीनदा धुऊनही ती लालच होती. पण शेंदूर लागलेल्या दगडाला हात लावायची त्याचीही छाती नव्हती. चाळ विहिरीजवळ बांधायचं ठरलं. ज्याने देव मांडले त्यानेच दरसाल निवद आणायचा, एवढं मात्र त्याने जाता जाता मला सुनावलं.

मी लढाई जिंकल्यासारखी दगडांभोवती फिरले आणि वरमायेपाशी थबकले. तिच्या कपाळावर ताजा शेंदूर होता. वळून पाहिलं तर मागे मामा उभे, आणि त्यांचा अंगठा लाल. आता शनिवारी मारुतीला काय लावणार, एवढंच मी विचारलं.

"मारुती थांबल एक शनवार," मामा म्हणाले. "तुजी आई रुसली की हितंच येऊन बसायची. तिला कशी सोडलीस?"

पहिली पोळी मी तिथेच ठेवते.