फोटोच्या जागी एक ओळ

गेल्या रविवारी नागझिरा अभयारण्याच्या गेटजवळ गाइड लोकांची मीटिंग होती.

माझे मिस्टर तिथे गाइड होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मागे पक्ष्यांच्या नोंदींची वही राहिली.

गाइड लोकांना इंटरनेटवर एक पान हवं होतं. मी म्हटलं, यांच्या वहीवरून मी करते. मला नाही जमलं तर ते लोक गोंदियाच्या एका दुकानातून करून घेणार होते. मग वही कोण उघडणार...

असं पान ज्या भाषेत लिहितात ती HTML मी पुस्तक वाचून शिकले. हेडिंग, टेबल, फोटो. एक खूण बंद करायची राहिली की सगळं पान ठळक व्हायचं, आणि मी अर्धा दिवस चूक शोधत बसायची. पण शेवटी घरी पान छान दिसलं. वर यांचा फोटो, खाली पक्ष्यांचं टेबल.

मीटिंगमध्ये पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, पान उघडलं... वर फोटोच नाही. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावला, तरी नाही.

मी फक्त पानाची फाइल नेली होती. मला वाटायचं, फोटो पानातच चिकटलेला असतो, अल्बमसारखा. तसं नसतं. पानात फक्त फोटो कुठे ठेवलाय तो पत्ता असतो. फोटो घरीच राहिला होता.

एका तरुण गाइडने विचारलं, “काऊन जी वहिनी, भाऊचा फोटो कायले नाही दिसून राहिला?” मागून कोणीतरी गोंदियाच्या दुकानाचा विषय काढला. मला तोंड वर करवेना.

फोटो आला नाही तर त्याच्या जागी दिसावी म्हणून एक ओळ लिहून ठेवायची असते. पुस्तकात होतं म्हणून मी लिहिली होती, ती कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं. यांच्यासोबत वर्षानुवर्षं जंगल फिरलेले एक म्हातारे गाइड चष्मा लावून ती मोठ्याने वाचू लागले...

‘झाडाखाली उभे. मान तिरपी. पक्षी दिसायच्या आधी त्याला ऐकून राहिले.’

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. मग ते म्हणाले, “राहू दे फोटो. मानूस दिसून राहिला ना. पान बाईलेच करू दे.”

घरी येऊन फोटो पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवला, पत्ता सुधारला. आता अख्खं फोल्डर सोबत नेलं की तो कुठेही दिसतो.

ती ओळ मात्र काढली नाही. फोटो असला की ती कोणाला दिसत नाही... पण असते.