तिसऱ्या चौकोनातली खूण

माझा नवरा जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. काही महिने समुद्रावर, काही महिने सिंगापूरमधल्या आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये. कामाच्या परमिटवर सही झाल्याशिवाय तो पंपाचा एक नटही कुणाला सैल करू देत नाही, असं त्याच्याबरोबरचे लोक सांगत. घरी आला की मात्र त्याच्यातला हा माणूस कुठे जायचा कोण जाणे. खुर्चीवर स्टूल ठेवून पंखा पुसायला चढायचा आणि मी ओरडले की हसायचा.

त्या डिसेंबरात त्याची आणि लेकीची सुट्टी पहिल्यांदाच एकत्र आली. लेक बारा वर्षांची. तिला बर्फ बघायचा होता. जपानची तिकिटं काढली आणि जाण्याआधी इथल्याच एका स्कीच्या वर्गात आम्ही तिघांनी नावं घातली. बाहेर घामाच्या धारा, आणि आत एसीच्या खोलीत एक तिरका गालिचा पट्ट्यावर सतत वर सरकत असलेला. त्याच्यावर आपण खाली घसरत राहायचं, म्हणजे जागच्या जागीच.

शिकवणाऱ्या साठीच्या एक चिनी बाई होत्या. पहिला तासभर त्यांनी आम्हाला फक्त पडायला शिकवलं. पडताना कुशीवर पडा, हात पुढे ठेवा, थांबेपर्यंत उठायची धडपड करू नका. लेकीने आणि मी निमूटपणे केलं. नवऱ्याला कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी तो सरळ उतारावर उभा राहिला आणि खरंच, छान तोल सांभाळला त्याने. बाई मात्र त्याच्या गुडघ्यांकडे बघत होत्या.

"तुमचं वजन मागे जातं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "खुर्चीत बसल्यासारखं. इथे चालून जातं. डोंगरावर गुडघा जाईल."

"डुलत्या जहाजावर उभा राहणारा माणूस आहे मी," तो म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. मला ते टोचलं. परत येताना एमआरटीच्या गाडीत मी विषय काढला, तर तो म्हणाला, "अगं, त्यांना अजून चार क्लास विकायचे असतात." लेक मोबाइलमधून मान वर न करता इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, यू नेव्हर लिसन, लाह." तो विषय तिथेच संपला.

जपानमध्ये स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात एक फॉर्म भरायचा होता. उंची, वजन, वय आणि शेवटी तीन चौकोन : सावकाश जाणारे, मध्यम, वेगात जाणारे. स्कीने बूट किती घट्ट धरून ठेवायचा, हे त्यावरून ठरतं. पडल्यावर स्की पायातून सुटली तर पाय वाचतो. हे सगळं भिंतीवरच्या चित्रात नीट दाखवलं होतं. तिघांचे फॉर्म मीच भरत होते.

"माझा तिसरा कर," तो म्हणाला. "नाहीतर सारखी निघत बसेल."

मी त्याच्याकडे पाहिलं. मागे रांग लागली होती. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म वाचला, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर फिरवला. स्कीच्या पकडीवरच्या बारीकशा खिडकीतला आकडा वर चढताना मी पाहत होते. बोलायला तेव्हाही वेळ होता.

तीन दिवस काही झालं नाही, आणि मला ते जास्तच भिववत होतं. तो रोज थोडा वर जायचा, थोडा वेगात यायचा, आणि रोज त्याची खुर्चीतली बैठक जशीच्या तशी. चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. सावल्याच नाहीशा झाल्या. जमीन कुठे उंच, कुठे खोल, काही कळेना. सगळं एकच पांढरं. लेक म्हणाली, "माय लेग्ज हर्ट, इनफ." मीही म्हटलं, "चल आता, चहा घेऊ."

"एकच शेवटची," तो म्हणाला आणि वर नेणाऱ्या पाळण्यात बसला.

आम्ही खाली उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने तो दिसला, एक काळा ठिपका. न दिसलेल्या उंचवट्यावर तो उडाला, मागे बसला, तरीही उठायला धडपडला. डावी स्की बर्फात रुतून वळली आणि पायातून सुटली नाही. त्याचं अंग खाली गेलं, पाय तिथेच राहिला. लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. "आई, बाबा का उठत नाहीत?" ती म्हणाली. एरवी ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते.

त्याला बर्फावरच्या स्लेजवर बांधून खाली आणलं. चेहरा राखेसारखा झाला होता. "आतून आवाज आला गं," एवढंच म्हणाला.

सिंगापूरला आल्यावर एमआरआय झाला. गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलेलं आणि हाडांमधली गादीही फाटलेली. ऑपरेशन झालं, मग महिनोन्‌महिने व्यायाम. चालायला लागला, पण इंजिनरूमच्या उभ्या शिड्या चढताना गुडघा दगा देणार नाही, असं लिहून द्यायला जहाज कंपनीच्या डॉक्टरांनी नकार दिला. दोनदा तपासणी झाली, दोनदा नकार.

फॉर्मचं मी त्याला बरेच दिवस बोलले नव्हते. दुसऱ्या नकारानंतर बोलले. "खूण मी केली रे. चूक आहे हे मला कळत होतं."

तो गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. "जहाजावर अशी सही तू केली असतीस," तो म्हणाला, "तर मी तुला पुढच्या बंदरात उतरवलं असतं." त्याने पिशवी गुडघ्याच्या दुसऱ्या बाजूला सरकवली. "आणि सही करायला सांगणाऱ्याला तुझ्या आधी."

आता तो तांजोंग पगार भागातल्या एका ऑफिसात जहाजांच्या दुरुस्तीची कागदपत्रं तपासतो. कामाला चोख आहे म्हणतात. रोज संध्याकाळी घरी असतो, लेकीचा अभ्यास घेतो. मला हेच हवं होतं, कितीतरी वर्षं. जेवताना कधी त्याच्या जुन्या जहाजाचा विषय निघाला, की तो भात चिवडत राहतो आणि मी पाणी आणायला उठते.