मरीआईच्या कोंबडीतला आंबा

हे घरात कुणाला ठाऊक नाही. बातमीदारीत माझं आयुष्य गेलं, दुसऱ्यांच्या चुका नावानिशी छापल्या — पण ही ओळ कधी कागदावर उतरली नाही. तुम्हाला सांगतो.

आधी कोंबडीचं सांगू द्या, कारण तिचा मला अभिमान आहे. आजही आहे. गावरान कोंबडी, भाजल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, आणि शेवटी पाडाच्या आंब्याच्या फोडी नि गुळाचा खडा. पहिल्या घासाला गोड, मग आंबट, तिखट मागून येतं. उन्हाळा लागला की पुसेगावचे पाहुणे विचारतात — यंदा मरीआईची कोंबडी कधी?

मरीआई आमच्या शेताच्या बांधावर आहे. तिची कोंबडी तिथेच तीन दगडांच्या चुलीवर शिजते, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चाखत नाही. रांधणाराही नाही. चाखलं की उष्टं. म्हणून ज्याच्या हाताला मीठ कळतं, पळी त्याच्याकडे. आमच्याकडे ती थोरल्या वहिनींकडे होती. त्यांचा अंदाज चुकत नसे, आणि हे त्यांनाही माहीत होतं. पदर खोचून त्या चुलीपुढे बसल्या की माझी आईसुद्धा मध्ये बोलत नसे.

त्या वर्षी मी हिंगोलीहून सुटी काढून आलो होतो. मला जाळाकडे बघायला सांगून वहिनी विहिरीवर पाण्याला गेल्या. मी रश्श्यात मूठभर मीठ टाकलं. काहून? राहिलं असेल असं वाटलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझाही हात लागावा, एवढंच होतं. मग शंका आली आणि चाखलं. तोंडात धरवेना इतकं खारट.

नैवेद्याआधी चाखलं — हो. पण मी सांगायला बसलोय ते हे नाही.

झाडाखाली पाडाचे आंबे पडले होते. फोडी केल्या, रश्श्यात पाणी वाढवलं, चहासाठी आणलेला गूळ टाकला. पुन्हा चाखलं. जमलं होतं. इतकं जमलं होतं की भीती वाटायची सोडून मला आनंद झाला. वहिनी परतल्या तेव्हा म्हणालो, आंबा गंमत म्हणून टाकलाय. त्या हसल्या.

नैवेद्य झाला, पंगत बसली. बोलणं थांबून नुसता भुरक्यांचा आवाज. आई म्हणाली, "सूनबाई, मीठ बराबर पडलंय."

मी गप्प बसू शकलो असतो. नाही का?

"मीठ मी घातलं," मी म्हणालो.

वहिनींनी वर बघितलं. "मी घातलं होतं की, भाऊजी."

"न्हाई वहिनी. तुमी बी घातलं असतं अन् मी बी, तर खारट झालं नसतं का?"

पंगत हसली. भाऊ म्हणाला, "म्हातारी व्हून राहिली आता." वहिनी हसल्या नाहीत. त्या स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या — ज्या बोटांनी मीठ घातल्याचं त्यांना नक्की आठवत होतं, त्यांच्याकडे. मग त्यांनी मान हलवली, आणि माझं म्हणणं मान्य केलं.

पुढच्या उन्हाळ्यात आईने पळी माझ्या हातात दिली. न चाखता मीठ कळणारा माणूस म्हणून माझं नाव झालं. तेव्हापासून मी दर वर्षी चाखतो.

वहिनी आता घरचं वरणसुद्धा दोनदा चाखून बघतात. यंदा बांधावर त्या आंब्याच्या फोडी करून देत होत्या. मिठाची पुडी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "मिठाचं तुमीच बघा, भाऊजी. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी पुडी घेतली. कोंबडी यंदाही उत्तम झाली.

त्या दिवशी वहिनींनी मीठ घातलं होतं. बराबर घातलं होतं.