इनासच्या दारी मरियामाता

मरोळच्या गावठाणात माझ्या भिंतीला भिंत लागून रेजिनाबायचं घर. आसपासच्या कुठल्याही ख्रिस्ती लग्नात मैद्याच्या गोल फुग्या तळायच्या त्या तिनेच. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. नवरा लवकर गेला, तेव्हापासून तिचा सगळा जीव एकुलत्या एका पोरात, सावियोत. गेल्या फेब्रुवारीत पलीकडच्या घरातल्या इनासने पिऊन टेम्पो मागे घेतला आणि सावियो भिंतीपाशी चिरडला. इनास जामिनावर सुटून त्याच घरात परत आला. रोज दार उघडलं की बायला तोच दिसतो. मी तिच्या जागी असते तर गल्लीच सोडली असती.

ऑक्टोबरात त्यांच्याकडे मरियामातेची मूर्ती घरोघरी फिरते. एका घरी एक दिवस मुक्काम. दुसऱ्या संध्याकाळी त्या घरच्यांनी ती स्वतः उचलून शेजाऱ्याला द्यायची. रेजिनाबायचा शेजारी इनास.

फादर आधीच समजवायला आले. येशूने वैऱ्यावरही प्रेम करायला सांगितलंय, क्रुसावर लटकतानाही मारणाऱ्यांना क्षमा केली, असं बरंच बोलले. माणूस भला आहे, पण माझं डोकं फिरलं. सांगायला यांचं काय जातंय? बाय मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "फादर, त्याने स्वतःला मारणाऱ्यांना माफ केलं. खाली त्याची आई उभी होती. तिला कोणी विचारलं?"

फादर चहा तसाच ठेवून गेले.

मूर्ती द्यायच्या दिवशी दुपारी मी जेवण घेऊन गेले, तर बाय मूर्तीसमोर जमिनीवर बसलेली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"शुभा, आम्ही रोज प्रार्थनेत म्हणतो गं, आम्ही दुसऱ्याला माफ करतो तसं तू आम्हाला कर. मी इनासला माफ नाही केलं तर मला माफी नाही. मग वर गेल्यावर माझा सावियो मला भेटणार कसा?"

एवढं बोलून ती जी रडली, तशी दफनाच्या दिवशीही रडली नव्हती. मी ताट झाकून ठेवलं आणि तिच्याजवळ बसून राहिले.

संध्याकाळी गल्ली जमली. मेणबत्त्या पेटल्या, पण गाणं कोणी सुरू करेना. बाय मूर्ती छातीशी धरून बाहेर आली आणि इनासच्या दारापाशी थांबली. तो पायरीवर गुडघे टेकून होता. हात पुढे करायची त्याची हिंमत होईना.

"घे," ती म्हणाली. "हिचाही पोरगा लोकांनी मारला. मला नाही जमत. हिला जमलं का विचार. जमलं असेल तर मला येऊन सांग."

इनासने मूर्ती घेतली. मूर्ती आली की त्या घरी सगळे मिळून जपमाळ म्हणतात, त्याला बाय थांबली नाही. घरात गेली, कडी लावली.

भिंतीपलीकडून मला तिचा आवाज येत होता. ती तीच प्रार्थना म्हणत होती. त्या एका ओळीपाशी अडत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.